चापाचा वंश

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या शातोरू रेंजवर स्वप्नील कुसळेने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तेव्हापासून आमच्या वसईजवळच्या कामणसारख्या गावातही पालक विचारू लागले आहेत, की पोरासाठी पहिली रायफल कोणती घ्यावी? कंपनी, वजन, किंमत यांची चौकशी होते, सेकंडहँड मिळेल का हेही विचारलं जातं. चापाबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. रायफलचा दस्ता खांद्याला लागतो आणि गाल त्याला टेकतो, पण निर्णय बोटाच्या पेरातून जातो आणि तो चापापाशी पोहोचतो. या लहानशा पट्टीमागे शेकडो वर्षांचा विचार आहे, आणि त्यातलं एक प्रकरण आमच्या दारात घडलं आहे.

चाप बंदुकीहून जुना आहे. चीनमधल्या शीआनजवळ मातीच्या सैनिकांसोबत आडव्या धनुष्यांचे कांस्याचे चाप सापडले, ते सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचे. ताणलेली दोरी एका दातात अडकवायची आणि बोटाने तो दात सोडवायचा, ही युक्ती त्यात पूर्ण आहे. नवल असं, की बंदूक आली तेव्हा ही युक्ती तिच्यात लगेच शिरली नाही. सुरुवातीचा बंदूकवाला एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात पेटती वात धरून बार काढायचा. नेम धरायला हात उरायचाच नाही. १४११ च्या एका हस्तलिखितात, जे आज व्हिएन्नात आहे, वात धरणारा वाकडा आकडा बंदुकीलाच जोडलेला दिसतो. त्याचं खालचं टोक दाबलं की वरचं टोक दारूकडे झुकतं. बंदुकीच्या चापाची सुरुवात तिथे झाली.

ही तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीची, बंदूक पोर्तुगिजांबरोबर समुद्रमार्गेही पूर्वेकडे आली. १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेलं, १५४३ मध्ये त्यांच्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरल्या. हिंदुस्थानी लोहारांनी तिला आपलं रूप दिलं. लांब नळी, सरळ आणि सडपातळ दस्ता, दस्त्यातल्या चिरेत बसवलेला आकडा, उजव्या अंगाला रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, ठेवायची वाटी आणि खाली पात्यासारखा सपाट चाप. त्याचं काम डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखं आहे. चाप मागे ओढला की आकडा पुढे झुकतो. जितकं ओढाल तितकाच झुकतो, सोडलात की मागे येतो. जामगी, म्हणजे ती पेटती वात, रंजकेला टेकते, रंजक भपकन पेटते, ती ज्वाळा नळीच्या कानातून आत जाते आणि मग बार. म्हणजे विस्तव दारूपर्यंत नेण्याचं सगळं काम बोटच करत होतं. बार नेमका कधी उडेल हे बोटाला कळत नसे. त्या अनिश्चित क्षणभर बंदूक स्थिर धरणं हीच बंदूकवाल्याची विद्या.

आमच्या दारातलं प्रकरण याच बंदुकीचं. कामण रोड स्टेशनातून पूर्वेला पाहिलं की दोन हजार फुटांहून उंच कामणदुर्ग दिसतो. वर पाण्याची टाकी आहेत, आणि स्वच्छ दिवशी वसईची खाडी, घोडबंदर, पलीकडे समुद्र असा सगळा मुलूख नजरेत येतो. १७३७ ते १७३९ या काळात हा मुलूख तोड्याच्या धुराने भरला होता. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले. वसईचा तट शेवटी सुरुंगांनी फुटला आणि १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांनी किल्ला सोडला. मे महिना महत्त्वाचा आहे. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको, की जूनमध्ये जामगी पेटती ठेवणं आणि रंजक कोरडी ठेवणं काय असेल. पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या त्याला नद्या आणि चिखल ही कारणं होतीच. बंदुकीचा चाप अजून उघड्या विस्तवावर अवलंबून होता, हेही एक.

तोवर युरोपात चापाचा स्वभाव बदलला होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये गारगोटीची बंदूक घडली, तिचं श्रेय बहुधा मारँ ल बुर्जुआ या कारागिराला देतात. आपल्याकडे ती चकमकीची बंदूक. तिच्यात घोडा आधी हाताने मागे ओढायचा, त्यात कमान ताणली जाते आणि एक दात त्याला अडवून धरतो. बोटाला आता फक्त तो दात निसटवायचा असतो. जोर कमानीचा, हुकूम बोटाचा. माझ्या मते चापाच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा आहे, कारण आजच्या ऑलिम्पिक रायफलचा चापही याच तत्त्वावर चालतो. फरक एवढाच, की दातावरचा घर्षणाचा भाग किती लहान, किती कठीण आणि किती गुळगुळीत करायचा, हे माणूस पुढे शिकत गेला.

मराठ्यांकडे ही बंदूक गारद्यांच्या हाती आली. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण लढली. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या पलटणी उभ्या केल्या तेव्हा आग्र्याला बंदुका घडवण्याचा कारखाना चालला. तरी गावोगावी तोड्याचीच बंदूक टिकून राहिली. ती कोणताही लोहार दुरुस्त करू शकत होता, तिला नाजूक कमान नव्हती आणि चांगली गारगोटी शोधायची गरज नव्हती.

पुढचा टप्पा टोपीचा. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं आणि त्यातून तांब्याची टोपी आली. रंजक गेली, पावसाची भीती बरीचशी गेली, आणि चाप दाबणं व बार उडणं यांतलं अंतर एकदम आखूड झालं. १८५३ ची एनफिल्ड याच जातीची. ठासणीच्या टोपीवाल्या बंदुका कोकणात अजून आहेत. रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यावर दिलेल्या, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या. त्यांचा चाप जड असतो, आणि तो तसाच असायला हवा. काट्याकुट्यांतून रात्री फिरणाऱ्या माणसाच्या बंदुकीला हलका चाप म्हणजे अपघाताला आमंत्रण.

सैन्याचाही हाच विचार. थ्री-नॉट-थ्रीच्या चापात दोन दाब ठेवले होते. पहिला लांब आणि मऊ, मग बोटाला एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर आणखी जोर दिला की गोळी सुटते. दुसरा दाब पाच-सहा पौंडांचा. घाबरलेल्या, दमलेल्या, घामेजलेल्या शिपायाच्या बोटालाही आपण कुठवर आलो हे कळावं, म्हणून ती भिंत. एनसीसीत पॉइंट टू टू रायफल हाती घेतलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हे दोन दाब बोटाने पाठ केले. अंजली भागवत त्यांच्यातल्याच. कीर्ती महाविद्यालयाच्या एनसीसीतून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर, आणि तिथून २००० मध्ये सिडनीच्या अंतिम फेरीत.

या खेळाची देशातली संघटनाही एका मराठी माणसाने उभी केली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरचा टप्पा म्हणून नेमबाजांना परिचित आहे.

नेमबाजीच्या रायफलचा चाप मात्र शिपायाच्या चापापासून फुटून वेगळा वाढला. जर्मन आणि स्विस नेमबाजांनी जोडचाप वापरले. मागचा चाप ओढून यंत्रणा ताणायची, मग पुढचा नुसत्या स्पर्शाने सुटतो. हलका खरा, पण आतल्या जादा तरफांमुळे सुटण्यात अंश उशीर होई. विसाव्या शतकात उल्मच्या आन्शुट्झ, वाल्थर आणि ओबर्नडोर्फच्या फाइनवेर्कबाऊ या कारखान्यांनी साधा, थेट, दोन दाबांचाच चाप इतका बारीक घडवला की जोडचापाची गरज संपली. शिपायाची ती भिंत परत आली, फक्त पौंडांच्या जागी ग्रॅम आले. काही रायफलींत आता दाताऐवजी विजेचा चापही असतो.

इतका बारीक चाप कशाला लागतो, हे १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्याकडे पाहिलं की उमगतं. १९८४ पासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि गुण दशांशात, १०.९ पर्यंत. छर्रा मध्यापासून पाव मिलिमीटर सरकला की दशांश गुण जातो. नळीचं टोक केसाच्या जाडीइतकं ढळलं तरी १० मीटरवर छर्रा जवळपास मिलिमीटरभर भरकटतो. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो, म्हणजे चाप सुटल्यावरही तो काही क्षण नळीतच असतो आणि तेवढ्यात बोटाचा हिसका त्याला बाधतो. पॅरिसमध्ये अर्जुन बबुता याच प्रकारात चौथा राहिला, तो बाद झाला तेव्हा तिसऱ्यापासून फक्त १.४ गुण मागे होता. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तुलाच्या चापाला किमान वजन आहे, एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम. एअर रायफलच्या चापाला तशी मर्यादा नाही. इथेच नवशिक्याची दिशाभूल होते.

मर्यादा नाही म्हटल्यावर पोरं चाप हलका करत सुटतात. अनुभवी नेमबाजाचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो हे ऐकलेलं असतं. पण त्या नेमबाजाच्या बोटाने हजारो वेळा भिंत अनुभवलेली असते. शिकाऊ बोटाला भिंत लागायच्या आतच बार उडाला, तर आपण केव्हा सोडलं हे त्याला कधीच कळत नाही, आणि तो तोड्याच्या बंदुकीच्या अनिश्चिततेत परत जातो. म्हणून माझं ठाम मत आहे, की पहिल्या रायफलचा चाप हलका असण्यापेक्षा स्पष्ट असावा. पहिला दाब सलग, दुसऱ्याची सुरुवात ठळक, आणि सुटल्यावर पात्याने मागे फार धावू नये. पातं मागेपुढे आणि थोडं तिरकं सरकवता आलं पाहिजे, कारण बारा वर्षांच्या मुलीचं बोट आणि तिच्या वडिलांचं बोट एकाच जागी पोहोचत नाही. हात मुठीवर सैल ठेवल्यावर पहिल्या पेराचा मऊ भाग पात्यावर सरळ टेकला पाहिजे. त्याआधी दस्त्याची लांबी, गालपट्टी आणि खांद्याची पाटी बसवून घ्यावी. अंग वेडंवाकडं असेल तर उत्तम चापही व्यर्थ. एअर रायफल ५.५ किलोच्या आत हवी, पण लहान मुलाला तेवढंही वजन नको. तेजस्विनी सावंत, सुमा शिरूर, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अशा नामवंत नेमबाजांच्या रायफलींची नावं शोधून तीच मागणं हा मोह आवरावा.

काही मुलं सुटे भाग जमवून रायफल घरीच जोडायचं म्हणतात. परदेशातले व्हिडिओ पाहून हे डोक्यात येतं. कामणच्या गाळ्यांतून लेथवर आणि वायरकटवर सूक्ष्म काम करणारे कारागीर आहेत, त्यामुळे ते सोपंही वाटतं. त्यांना स्वच्छ सांगावं, की १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय बंदूक किंवा तिचे भाग बनवणं गुन्हा आहे. शिवाय दाताचं पोलाद आतबाहेर किती कठीण असावं, हे चुकलं तर रायफल चापाला बोट न लावताही सुटू शकते. आपल्या खेळात ‘रायफल जमवणं’ म्हणजे नियमात बसणारी रायफल घेऊन ती आपल्या अंगाला बसवणं. चापाचे स्क्रूसुद्धा पहिल्यांदा प्रशिक्षकानेच फिरवावेत.

खरं तर पहिले काही महिने रायफल विकत घेऊच नये. क्लबची रायफल वापरावी, निरनिराळ्या चापांवर बोट ठेवून पाहावं. स्पर्धेच्या एअर रायफलींत छर्रा न भरता चाप सोडायची सोय असते. त्या कोऱ्या सरावात लक्ष्याऐवजी पांढरी भिंत समोर ठेवली की बोटाचा हिसका पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमखुणेवर, लगेच दिसतो. तो दिसेनासा झाला की मग दुकानाची वाट धरावी, आणि तिथे पोराला रायफल रिकामी करून, दुकानदाराच्या परवानगीने, आधी चापच तपासायला सांगावं.