विषावर उतारा विषाचाच

१/ डिसेंबर १९३६. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर पिकांवरील किडींसाठी नवे रसायन शोधत होते. हाती लागले ‘ताबून’, चेतासंस्थेवर घाला घालणारे युद्धविष. त्यावरचा उतारा मात्र वैद्यकाला शतकभर आधीपासून ठाऊक होता.

२/ एका चेतापेशीचा निरोप पुढे नेणारे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. काम होताच एक विकर ते नष्ट करते. ताबून त्या विकरालाच जखडते. मग निरोप थांबत नाहीत. श्वासमार्ग स्रावांनी भरतो, झटके येतात, प्राणवायूअभावी मेंदूला इजा होते.

३/ अशीच करणी एका बीचीही होती. आजच्या नायजेरियातील कॅलाबार येथे एफिक लोक आरोपीला ती खायला लावत. जगला तो निर्दोष! एडिनबरोचे डॉ. रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये ती स्वतः खाऊन पाहिली आणि जिवावरचे दुखणे ओढवून घेतले.

४/ दुसरी विषारी वनस्पती बेलाडोना. तिच्यातील ॲट्रोपीन १८३०च्या दशकात वेगळे करण्यात आले. आपल्या धोत्र्यातही ते असते. ॲसिटिलकोलीनचा निरोप जिथे स्वीकारला जातो, ती जागाच ॲट्रोपीन अडवून धरते.

५/ प्राग, १८६४. ॲट्रोपीनने विषबाधा झालेल्या कैद्यावर डॉ. क्लाइनवेख्टर यांनी कॅलाबारच्या बीचा अर्क वापरला आणि तो सावरला. थॉमस फ्रेझर यांनी उलट बाजू तपासली. त्यांनी सशांवर प्रयोग करून १८७२ मध्ये दाखवून दिले की, योग्य वेळी, योग्य मात्रेत दिलेले ॲट्रोपीन कॅलाबारच्या विषापासून जीव वाचवते.

६/ हेच ज्ञान पुढे युद्धविषांविरुद्ध कामी आले. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडले गेले, तेव्हा डॉक्टरांनी ॲट्रोपीनच टोचले. ते श्वासमार्ग मोकळा ठेवते, मंदावलेले हृदय सावरते आणि मेंदूपर्यंतही पोहोचते. जखडलेले विकर मात्र ते सोडवू शकत नाही. त्यासाठी आणि झटक्यांसाठी वेगळी औषधे लागतात.

७/ श्राडर यांच्या संशोधनातूनच ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचा मार्ग खुला झाला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे वापरल्या गेलेल्या कीटकनाशकांत याच गटातील रसायनेही होती.

८/ या गटाच्या विषबाधेत आजही पहिला आधार ॲट्रोपीनचाच. मात्र धोत्रा घरी उगाळून देणे म्हणजे दुसरे विष देणे. फ्रेझर यांच्या दोन अटी दीडशे वर्षांनंतरही कायम आहेत : योग्य वेळ आणि योग्य मात्रा. मात्रा डॉक्टर ठरवतील. वेळ ठरते ती शेतापासून दवाखान्यापर्यंतच्या अंतरावर.