सुलभा महाजन घर सोडून का गेली? एका प्रश्नाचा इतिहास

१/ डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित 'उंबरठा' हा चित्रपट १९८२ साली पडद्यावर आला. त्याची नायिका सुलभा महाजन शेवटी घर सोडून जाते. चित्रपट तेथे संपतो आणि प्रेक्षकांचा वाद सुरू होतो. ती का गेली? तिला काय कमी होते? लहान मुलीचे काय? चाळीस वर्षे उलटून गेली, तरी हा वाद मिटलेला नाही. पडद्यावरच्या पात्राच्या मनात काय होते याची चिकित्सा करणे हा पुष्कळांना रिकामटेकडा उद्योग वाटतो. आजच्या धाग्यात आपण त्या चिकित्सेचाच इतिहास पाहणार आहोत. त्याचा एक पदर थेट आपल्या खानदेशात येऊन पोहोचतो.

२/ आधी कथानक नीट आठवू. सुलभा सुस्थितीतल्या घरातली सून आहे. पती सुभाष (गिरीश कार्नाड) वकील. राणी नावाची लहान मुलगी. सुलभेने समाजकार्याचे शिक्षण घेतले आहे. संगमवाडी या गावी स्त्रियांच्या आधारगृहाची अधीक्षक म्हणून तिची नेमणूक होते. पतीला आणि सासूला हे रुचत नाही. जाऊबाई मात्र राणीला सांभाळण्याची तयारी दाखवते. सुलभा जाते. आश्रमातला भ्रष्ट कारभार, आश्रित स्त्रियांची विटंबना, चौकशीचा फार्स हे सारे पाहून ती अखेर राजीनामा देते आणि घरी परतते. घरी आल्यावर पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचे तिला कळते. ती पुन्हा बाहेर पडते.

३/ यावर दोन अर्थ लावले जातात. पहिला असा, की सुलभा महत्त्वाकांक्षी होती आणि नोकरीसाठी तिने संसार पणाला लावला. दुसरा असा, की पतीने प्रतारणा केली, म्हणून स्वाभिमानी स्त्रीने घर सोडले. दोन्ही पक्ष तावातावाने मांडले जातात. आपण दोन्ही कथानकावर घासून पाहू. नोकरी हेच कारण मानले, तर दुसऱ्या वेळच्या जाण्याचा उलगडा होत नाही, कारण तेव्हा तिच्या हाती नोकरी नाही. ती राजीनामा देऊनच आली आहे. प्रतारणा हेच कारण मानले, तर पहिल्या जाण्याचा उलगडा होत नाही. तेव्हा पती तिचाच होता. एकाच कारणात दोन्ही प्रस्थाने बसवू गेल्यास एक नेहमीच बाहेर राहते. ही गोष्ट पुढे कामी येईल.

४/ आता खानदेशाकडे वळू. चोपड्याहून पश्चिमेला अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गाने निघालो की शिरपूर लागते. सुलभेची भूमिका करणाऱ्या स्मिता पाटील यांचे मूळ घराणे या शिरपूर परिसरातले. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्यात मंत्री, आई विद्याताई समाजकार्यात. स्मिता यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला आणि राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत त्या वाढल्या. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींचा या दलाशी जिव्हाळ्याचा संबंध होता, हे आपल्या भागात वेगळे सांगावे लागत नाही. बाईने घराबाहेर पडून समाजाचे काम करणे ही कल्पना स्मिता पाटील यांना संहितेतून प्रथम भेटली नसणार. ती त्यांच्या घरातच वावरत होती.

५/ पात्राच्या हेतूवर वाद घालण्याची रीत मात्र चित्रपटापेक्षा कितीतरी जुनी आहे. जात्यावरच्या ओव्या पाहा. रामाने गर्भवती सीतेला वनात का धाडले? लोकापवादासाठी, हे ग्रंथांतले उत्तर जात्यावर बसणाऱ्या बायकांना पुरले नाही. त्यांनी लोककथेतला वेगळा धागा उचलला. त्या कथेत कैकेयी सीतेकडून रावणाच्या पायाच्या अंगठ्याचे चित्र काढून घेते, उरलेला रावण स्वतः पुरा करते आणि ते चित्र रामाला दाखवते. म्हणजे वनवासाचे मूळ सासूच्या कपटात. कथेतली एक फट हेरून तिथे स्वतःच्या अनुभवातला हेतू भरायचा, हे काम बायकांनी पहाटेच्या अंधारात, दळता दळता केले.

६/ खानदेशात अशा चर्चेचा हक्काचा सण म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्या अहिराणी गाण्यांत सासर-माहेराचे हिशेब मांडले जातात. सासू अशी का वागली, भाऊ न्यायला का आला नाही, हे गौराईच्या नावाने विचारता येते. पात्राच्या आडून स्वतःचे बोलण्याची ही सोय होती. पुढे नाटकाने आणि चित्रपटाने तीच सोय मोठ्या मंडपात आणली.

७/ गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभापायी बाप कोवळ्या शारदेचे लग्न वृद्ध भुजंगनाथाशी ठरवतो. ते मोडते कशामुळे? वधूवर सगोत्र निघतात म्हणून! शारदेची इच्छा तिथे निर्णायक ठरत नाही, धर्मशास्त्रातला एक अडसर तिला सोडवतो. जाता जाता एक प्रचलित गैरसमज दूर करू. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात, ते देवलांच्या नायिकेवरून नव्हे. तो मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून ते नाव पडले. मराठी माणसाने त्यात आपली शारदा पाहिली, यावरून ते पात्र किती खोल रुजले होते याची कल्पना येते.

८/ पुढचे पाऊल १९३७ चे. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'कुंकू'. आधार ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीचा. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नायिका (शांता आपटे) हे लग्न मानायलाच नकार देते. शारदा रडली होती, ही लढते. तरी सुटका कशी होते? काकासाहेबांना (केशवराव दाते) आपला अन्याय उमगतो आणि ते आत्महत्या करतात. म्हणजे नायिका मोकळी होते ती नवऱ्याच्या निर्णयाने. चित्रपटाने प्रश्न धीटपणे विचारला, पण उत्तर तिच्या हाती दिले नाही.

९/ हाच पेच युरोपलाही पडला होता. हेन्रिक इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' (१८७९) या नाटकात नोरा नवरा आणि तीन मुले सोडून निघून जाते. जर्मनीत ही भूमिका करणाऱ्या हेडविग नीमान-राबे या नटीने असा शेवट करण्यास नकार दिला. कोणती आई मुलांना टाकून जाईल, असा तिचा प्रश्न होता. तेव्हा दुसऱ्या कुणी संहितेत ढवळाढवळ करू नये म्हणून १८८० साली इब्सेनने नाइलाजाने स्वतःच पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि राहते. तो शेवट काळाच्या ओघात मागे पडला, दार लोटून जाणारी नोरा टिकली. मराठीत अनंत काणेकरांनी 'घरकुल' या रूपाने हे नाटक आणले.

१०/ या पार्श्वभूमीवर 'उंबरठा'कडे पुन्हा पाहू. चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. नावातला बदल अर्थपूर्ण आहे. 'बेघर' हा शब्द बाईची अवस्था सांगतो: हिला घर उरले नाही. 'उंबरठा' हा शब्द ती रेघ दाखवतो, जी तिने ओलांडली. पहिल्या नावात तिच्यावर काही ओढवले आहे, दुसऱ्यात तिने काही केले आहे. शारदेला गोत्राने सोडवले, 'कुंकू'च्या नायिकेला नवऱ्याच्या मरणाने. सुलभेला सोडवायला कुणी येत नाही. कुणी मरत नाही, शास्त्र आड येत नाही. ती आपल्या पायांनी निघते. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 'सुबह' या नावाने तो हिंदीतही झाला.

११/ आता खरा प्रश्न. घर सोडणाऱ्या प्रत्येकाला आपण कारण विचारतो का? 'सावधान' हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थांची आख्यायिका आपण आदराने सांगतो. मागे राहिलेल्या वधूविषयी ती आख्यायिका फारसे बोलत नाही. झोपलेल्या राहुलाला सोडून गेलेल्या सिद्धार्थाचे प्रस्थान तर 'महाभिनिष्क्रमण' ठरले. तिथे हेतू गृहीत धरलेला असतो, तो मोठाच असणार. स्त्रियांनाही ही सवलत कधीकधी मिळाली. १९४२ च्या आंदोलनात अमळनेरच्या लीलाताई पाटील यांच्यासारख्या स्त्रिया तुरुंगात गेल्या, तेव्हा 'घराचे काय' हा प्रश्न देशाच्या हाकेपुढे मागे पडला. देव किंवा देश यांपैकी एक पाठीशी असला की उंबरठा ओलांडणे पुण्यकर्म होते. सुलभेपाशी दोन्ही नव्हते. तिच्यापाशी होते ते एक काम, जे तिला येत होते आणि करावेसे वाटत होते. एवढेच कारण समाजाला कारण वाटले नाही.

१२/ म्हणून तिसऱ्या भागातली ती अडचण महत्त्वाची ठरते. तिची दोन प्रस्थाने एका कारणात बसत नाहीत, कारण दोन्हींमागे समाजाला पटेल असे एकच समर्थन शोधण्याचा आपला हट्ट असतो. पहिल्यांदा ती नेमणुकीचे पत्र घेऊन जाते, दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने. मधल्या काळात तिला एक गोष्ट उमगली आहे. आश्रमातल्या स्त्रियांना कुणीतरी घराबाहेर काढले होते किंवा घरात ठेवून छळले होते. कुठे राहायचे हे त्यांच्यापैकी कुणाला ठरवता आले नव्हते. ते ठरवता येणे हेच सुलभेच्या दुसऱ्या जाण्याचे कारण आहे, असे माझे वाचन. राणीचा प्रश्न यामुळे मिटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. चित्रपटानेही तो मिटवलेला नाही. आईच्या निर्णयाची किंमत मुलगी मोजते, ही बोच तो प्रेक्षकाच्या पदरी टाकतो. ती बोच काढून टाकणारे अर्थ, मग ते सुलभेच्या बाजूचे असोत वा विरुद्ध, अपुरे पडतात.

१३/ १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी स्मिता पाटील गेल्या. आज चोपड्याच्या बसस्थानकावर सकाळी उभे राहिले, तर शाळेत, बँकेत, रुग्णालयात कामाला निघालेल्या कितीतरी स्त्रिया दिसतात. घरी लहान मूल कुणापाशी ठेवले, हा प्रश्न त्यांना आजही विचारला जातो. शेजारच्या आसनावर बसलेल्या पुरुषाला तो कुणी विचारत नाही. मालिकेतल्या सुनेचे चुकले की सासूचे, यावर घरोघरी होणारा रात्रीचा वाद म्हणूनच क्षुल्लक मानू नये. जात्याच्या घरघरीत सीतेचा न्याय करणाऱ्या बायकांची ती थेट वारसदार चर्चा आहे.

१४/ शेवटी वाचकांना एक विनंती. जाती घराघरांतून गेली, त्यांच्याबरोबर ओव्याही चालल्या आहेत. आपल्या आजीला, आत्याला, मावशीला विचारा: सीतेला वनात कुणी धाडले असे तिच्या ओवीत म्हटले आहे? रामाने, कैकेयीने, की आणखी कुणी? आखाजीच्या गाण्यात गौराई सासरहून का रुसून आली? उत्तर अहिराणीत असेल तर अहिराणीतच लिहून ठेवा, शब्द 'शुद्ध' करू नका, आणि गाव व साल नोंदवा. या धाग्याखाली ती उत्तरे आली, तर पुढचा धागा त्यांच्यावरच लिहीन.