जीवाणूंचे आकार : एका वर्गीकरणामागील वाद

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात जीवाणूंचा परिचय गोलाणू, दंडाणू व सर्पिलाणू यांच्या आकृतीने होतो. ही विभागणी निसर्गात आयतीच सापडली, असा समज त्यातून दृढ होतो. वस्तुतः ती एका तीव्र शास्त्रीय वादातून स्थिरावली.

लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये दातांवरील किटणातील सूक्ष्मजीवांची रेखाटने रॉयल सोसायटीस कळविली. त्यांत हे तिन्ही आकार आज ओळखता येतात. परंतु हे आकार कायम राहतात काय, हा प्रश्न पुढील जवळजवळ दोन शतके अनिर्णित राहिला. म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्या मते परिस्थितीनुसार एका आकाराचे रूपांतर दुसऱ्यात होत असे. हे मत ग्राह्य मानल्यास विशिष्ट रोगास विशिष्ट जीवाणू कारणीभूत असतो, असे म्हणण्यास आधारच उरत नव्हता.

ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथील फर्डिनांड कोह्न यांनी १८७२ मध्ये गोल, आखूड दंड, लांब दंड वा तंतू आणि सर्पिल असे चार गट मांडले. समान आकाराचे जीवाणू गुणधर्मांनी भिन्न असू शकतात, याचेही भान त्यांना होते. पाठ्यपुस्तकांनी कोह्न यांचे गट घेतले, त्यांची सावधगिरी मात्र सोडून दिली.

एप्रिल १८७६ मध्ये वोलस्टाइनचे जिल्हा वैद्यकीय अधिकारी रॉबर्ट कॉख यांनी कोह्न यांच्या संस्थेत अँथ्रॅक्सच्या जीवाणूचे प्रात्यक्षिक दाखविले. दंड लांबून तंतू होतो, तंतूत मण्यांसारखे बीजाणू तयार होतात आणि बीजाणूपासून पुन्हा तोच दंड निघतो. वरकरणी हा नेगेलींच्या मताचाच पुरावा वाटावा! परंतु हे बदल ठरावीक क्रमाने होऊन मूळ रूपाशी परततात, म्हणजे ते एकाच जातीचे जीवनचक्र आहे, हे यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी कोह्न यांनी गवताच्या काढ्यातील दंडाणूचे बीजाणू उकळूनही जिवंत राहतात, हे दाखविले. येथे अध्यापनातील एक रूढ चूक नोंदविणे आवश्यक आहे. अंतःबीजाणूनिर्मिती अनेकदा प्रजननाच्या प्रकारांत मोजली जाते. प्रत्यक्षात एका पेशीपासून सामान्यतः एकच अंतःबीजाणू होतो, संख्या वाढत नाही. संख्या वाढते ती द्विविभाजनाने. अनुकूल स्थितीत ई. कोलायला त्यासाठी सुमारे २० मिनिटे पुरतात.

आकाराची मर्यादा १८८४ मध्ये ग्रॅम यांच्या रंजनपद्धतीने स्पष्ट केली. सारखे दिसणारे दंडाणू तिने वेगळे केले. त्यामागे पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनच्या थराच्या जाडीतील फरक आहे, हे बऱ्याच नंतर समजले.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग उद्भवल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या हाफकिन यांनाही जीवाणूची खात्रीची ओळख हवी होती. त्यांनी केवळ पेशीच्या आकारावर विसंबून न राहता वाढीचे रूप पाहिले. मांसरसावर तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबांखाली प्लेगचे जीवाणू लोंबत्या सुळक्यांसारखे वाढत आणि पात्र हलताच तळाशी गळून पडत. अशा रीतीने वाढविलेल्या व उष्णतेने मारलेल्या जीवाणूंची लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली.