ताऱ्यापुढून गेलेला पहिला ग्रह



८ जून २००४ चं शुक्राचं अधिक्रमण तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. सूर्यबिंबावरून सरकणारा तो काळा ठिपका! दूरच्या ताऱ्यापुढून ग्रह गेला तर ठिपका दिसत नाही, ताऱ्याचा उजेड तेवढा किंचित उतरतो.

१९५२ साली ऑटो स्ट्रूव्ह यांनी हेच लिहिलं होतं. गुरूएवढा ग्रह ताऱ्याला अगदी खेटून फिरू शकतो आणि त्याचं अधिक्रमण मोजता येईल. तेवढा फरक टिपणारी यंत्रं तेव्हाही होती. पण आपला गुरू सूर्याभोवती फिरायला १२ वर्षं घेतो. ताऱ्याला खेटलेला गुरू शोधणार कोण?

१९९५ मध्ये मेयर आणि केलोझ यांना ५१ पेगासी ताऱ्याच्या डुलण्यावरून सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा ग्रह सापडला. तरी शंका राहिलीच : हे ताऱ्याचंच स्पंदन नसेल कशावरून?

सप्टेंबर १९९९ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डेव्हिड शार्बोनो आणि टिमोथी ब्राउन यांनी जेमतेम १० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून एचडी २०९४५८ या सूर्यासारख्या ताऱ्याचा उजेड दीडेक टक्क्याने उतरताना पकडला. नोव्हेंबरात ग्रेगरी हेन्री यांनाही स्वतंत्रपणे तेच दिसलं. ग्रहाचा आकार कळला, घनता पाण्याहून कमी निघाली, म्हणजे वायूचाच गोळा. शंका मिटली.

पुढे केप्लर दुर्बिणीने याच युक्तीने हजारो ग्रह शोधले. स्ट्रूव्ह मात्र १९६३ सालीच गेले होते.