दोन चाकें आणि एक आंस

यंत्रांचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखकाचें लक्ष सहजच एंजिनाकडे जातें. आवाज त्याचा, धूर त्याचा, कीर्तिही त्याचीच. गाडीच्या पोटाखालीं तेलांत बुडालेली दांतेरी चक्रांची जी पेटी असते, तिच्याकडे ती फुटेपर्यंत कोणी वांकून पाहत नाहीं. नगर-मनमाड रस्त्यावर नागापूर येथें जी औद्योगिक वसाहत आहे, तिच्या आसपास जुन्या जीपगाड्या नव्यानें उभ्या करण्याचा नाद असलेले कांहीं तरुण आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या बोलण्यांत मात्र एंजिनापेक्षां हीच पेटी अधिक येते. मागच्या आंसांत ‘लिमिटेड स्लिप’ जातीचें डिफरन्शियल बसवावें कीं नाहीं, आणि बसविल्यास त्याला जुळणारे शाफ्ट कोठून आणावे, हा त्यांचा अखंड चाललेला वाद. या वादाच्या मागें जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांतील एक धागा थेट नगरच्याच एका घराण्याशीं जाऊन पोंचतो.

बैलगाडीला हा प्रश्न कधीं पडला नाहीं. तिचीं चाकें आंसावर मोकळीं फिरतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक वाट चालतें, आंतलें कमी, आणि दोघांचें भांडण होत नाहीं. कारण बैल गाडीला ओढतात, चाकांना फिरवीत नाहींत. १५४९ सालीं नगरास ओतलेली मलिक-इ-मैदान तोफ पुढें विजापुरास गेली तीहि ओढूनच. भांडण सुरू होतें तें आंसच चाकांना फिरवूं लागल्यावर. जीपच्या दोन चाकांत सुमारें ४ फुटांचें अंतर असतें. आंतल्या चाकाची वाट २० फूट त्रिज्येची धरली, तर काटकोनांत वळतांना तें सुमारें साडेएकतीस फूट चालतें आणि बाहेरचें पावणेअडतीस. एकाच आंसाला दोन्ही जखडलीं असतील, तर या सहा फुटांच्या तफावतीपायीं एकाला फरफटत जावें लागतें. आगगाडीचीं चाकें जखडलेलींच असतात, पण तिचीं वळणें प्रशस्त आणि चाकांची कड किंचित् निमुळती, म्हणून तिचें निभावतें.

यावरील तोड पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यानें काढली. १८२८ सालीं वाफेच्या गाडीसाठीं त्यानें जें एकस्व घेतलें, त्यांत आंसाचे दोन तुकडे करून मध्यें दंतचक्रें बसविण्याची युक्ति आहे. प्राचीन चीनमधील दक्षिणदर्शक रथांत हीच युक्ति असावी असें अनुमान इंग्रज यंत्रज्ञ जॉर्ज लँचेस्टर यानें १९४७ सालीं मांडलें. अनुमान मोठें रम्य आहे. परंतु तो रथ कोणाच्याहि हातीं लागलेला नाहीं, तेव्हां आम्ही त्याला इतिहासांत घालीत नाहीं.

वाफेच्या गाड्यांना रस्ते फारसे लाभले नाहींत, आणि पेकरची युक्ति सामान्य रस्त्यावर आली ती सायकलच्या द्वारें. कॉव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ली आपल्या मुलासह शेजारीं शेजारीं बसून चालवावयाची गाडी हांकीत होता. प्रत्येकाच्या पायांखालीं आपापल्या बाजूचें चाक. मुलगा तरुण व जोरकस, बाप वयस्क. गाडी बापाच्या बाजूस वळली आणि दोघे खाजकुइलीसारख्या कांटेरी झुडपांत जाऊन पडले, असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, १८७७ सालीं स्टार्लीनें तीनचाकी सायकलींत डिफरन्शियल घातलें हें खरें. पुढें १८८५ सालची कार्ल बेंझची मोटारगाडी, तीहि तीनचाकीच, आणि तिच्यांतहि तें होतें.

येथें नगरचा संबंध येतो. नगरचे प्रसिद्ध वकील कुंदनमल फिरोदिया हे १९४६ नंतर मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव नवलमल यांना भारतांतील ऑटोरिक्षेच्या जन्माचें श्रेय दिलें जातें. माणसानें माणसाला ओढण्याची रिक्षा जावी हा त्यांचा हेतु. स्कूटरच्या एका मागच्या चाकाच्या जागीं दोन चाकें आलीं, आणि त्यांच्या पाठोपाठ डिफरन्शियलहि यावें लागलें. पुढें त्यांच्याच कारखान्यांतून बाहेर पडलेला तीनचाकी टेंपो मात्र पुढचें एकटें चाक सांखळीनें फिरवीत असे; त्याला हें यंत्र लागतच नव्हतें. मराठी मुलखाच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षें शेजारीं उभ्या असणाऱ्या या दोन तीनचाकींत एवढा मूलभूत भेद होता, हें कितीशा प्रवाशांच्या ध्यानांत आलें असेल? नवलमलांचे बंधु हस्तीमल यांची लुना १९७२ सालीं निघाली व नगरास तयार होऊं लागली. ती तर दुचाकीच.

आतां या यंत्राच्या दोषाकडे वळूं. सर्व जोर घसरणाऱ्या चाकाकडे जातो असें लोक म्हणतात, तें बरोबर नाहीं. साधें डिफरन्शियल दोन्ही चाकांना पीळ सारखाच देतें. आणि हीच त्याची खोड. एक चाक नगर जिल्ह्यांतील पावसाळी काळ्या मातींत रुतून गरगरूं लागलें म्हणजे तें जेवढा क्षुल्लक पीळ सोसूं शकतें, तेवढाच मुरमावर घट्ट उभ्या असलेल्या दुसऱ्या चाकाच्या वांट्यास येतो. गति एकाची, दुबळेपणा दोघांचा. 

चिखलाप्रमाणेंच अतिशक्तीनेंहि हा दोष उघडा पडतो. फर्डिनांड पोर्शे यानें ऑटो युनियन कंपनीसाठीं आंखलेली शर्यतीची मोटार इतकी जोरदार निघाली कीं, ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंत तिचें एक मागचें चाक जागच्या जागीं फिरत राही. म्हणून १९३५ सालीं त्यानें झेड. एफ. या जर्मन कारखान्याकडून घसर मर्यादित करणारें डिफरन्शियल करवून घेतलें. अमेरिकेंत १९५६ सालीं पॅकार्डनें तें सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारींत आणलें. त्याच्या एका प्रकारांत चकत्यांची चळत असते. कांहीं चकत्या पिंजऱ्याशीं व कांहीं चाकाच्या दंतचक्राशीं गुंतलेल्या. भार वाढेल तशा त्या एकमेकींवर दाबल्या जातात, आणि घट्ट उभ्या असलेल्या चाकाला निम्म्याहून अधिक पीळ मिळतो. तेल मात्र त्याच जातीचें हवें. नाहीं तर प्रत्येक वळणावर गाडी कुरकुरते.

निम्म्याहून अधिक, या दोन शब्दांतच नागापूरकरांच्या वादाचें मूळ आहे. १९४५ सालीं ‘महिंद्र आणि महंमद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत अर्थमंत्री झाले, कंपनीचें नांव बदललें, आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईस माझगांव येथें विलिस जीपची जोडणी सुरू झाली. युद्धांतील जीपच्या मागच्या आंसांत गाडीचा भार नळीवर असे. शाफ्टनें फक्त चाक फिरवावयाचें. नागरी जीपच्या आंसांत लौकरच भार आणि पीळ दोन्ही शाफ्टवरच आले. तो शाफ्ट बाहेरच्या टोंकाला निमुळता, त्यावर चावीनें बसविलेला हब. आंतल्या टोंकाला खांचा; जुन्या शाफ्टवर १०, नंतरच्यांवर १९, आणि १९७० च्या सुमारापासून ३०. नव्या डिफरन्शियलचीं चक्रें ३० खांचांचीं, घरची गाडी १० खांचांची! शिवाय क्राऊन व पिनियन यांचें प्रमाण पाहून पिंजराहि निराळा घ्यावा लागतो. नागरी जीपला ४३ दांतांचा क्राऊन व ८ दांतांचा पिनियन असे.

मग कोणी सुचवितो कीं, लांब शाफ्ट आणावा, तोडावा, आणि शेजारच्या कारखान्यांत नव्या खांचा पाडून घ्याव्या. खांचा सुबक पडतातहि. त्या वसाहतींतल्या कारागिरांच्या हाताविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु शाफ्टचें बळ पुष्कळसें त्याच्या कठीण केलेल्या सालींत असतें, आणि कापतांना तीच साल जाते. तिला पुन्हा उष्णतेचा संस्कार न देतां गाडी जोडली, तर जुन्या डिफरन्शियलखालीं हा शाफ्ट कदाचित् जन्मभर टिकला असता. नवें डिफरन्शियल एखाद्या चढावर एकट्या त्यावरच सारा भार टाकतें. असा शाफ्ट तुटला म्हणजे गाडी नुसती थांबत नाहीं. हब व ड्रम यांसह चाकच नळींतून बाहेर येऊं शकतें. शिस्तीचा मार्ग खर्चाचा आहे: दोन्ही बाजूंचे एकसंध शाफ्ट, त्यांच्याच खांचांचें डिफरन्शियल, नवीं बेअरिंगें, आणि क्राऊन-पिनियनमधील फट पत्र्याच्या बारीक चकत्या घालून पुन्हा मापून घेणें. आमचें मत याच बाजूचें आहे, जरी खिसा आमचा नाहीं.

महिंद्रांनीं २०१५ सालीं थार गाडीच्या मागच्या आंसांत आपोआप जखडणारें डिफरन्शियल स्वतःच घालून दिलें. त्या गाडीच्या मालकाला खांचा मोजाव्या लागत नाहींत. जुन्या जीपवाल्याला लागतात, आणि नागापूरच्या तरुणांत आतां असा पायंडा पडला आहे कीं, भंगाराच्या दुकानांत शाफ्ट हातीं घेतला म्हणजे भाव विचारण्याआधीं त्याचें आंतलें टोंक चिंधीनें पुसावयाचें, आणि खडूनें पहिल्या खांचेवर खूण करून मोजावयास लागावयाचें.