पहिल्या पातळीच्या अलीकडे: इंग्लंडमधील विशेष विद्यार्थ्यांच्या विज्ञान-प्रगतीच्या नोंदींचा इतिहास

इंग्लंडमध्ये 1944 च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी खुले केले, तरी तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना शालेय शिक्षणास अपात्र ठरवण्याची तरतूद त्यात होती आणि अशी मुले आरोग्य खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत जात. 1970 च्या कायद्याने ही तरतूद रद्द केली आणि पुढच्याच वर्षी या मुलांची जबाबदारी शिक्षण खात्याकडे आली. 1978 मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने अपंगत्वाच्या वर्गवारीऐवजी ‘विशेष शैक्षणिक गरजा’ ही संकल्पना पुढे आणली आणि शिक्षणाची उद्दिष्टे सर्व मुलांसाठी एकच असल्याचे प्रतिपादन केले.

या तत्त्वाची खरी कसोटी 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्याने लागली, कारण त्यातून आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंग्रजी आणि गणिताबरोबर विज्ञानही गाभ्याचा विषय ठरले आणि विशेष शाळांतही ते शिकवणे आवश्यक झाले. प्रगती मोजण्यासाठी ठरवलेल्या पातळ्या मात्र पहिलीपासूनच सुरू होत असल्याने, तिच्यापर्यंत न पोहोचलेल्या मुलासमोर ‘पहिल्या पातळीच्या दिशेने’ असा अर्थ असलेले ‘डब्ल्यू’ हे एकच अक्षर लिहिले जाई. वर्षानुवर्षे तेच अक्षर मिळत राहिलेल्या मुलाने दरम्यान काय आत्मसात केले, हे अशा नोंदीवरून कळण्याची सोय नव्हती.

ही उणीव भरून काढण्यासाठी 1998 मध्ये ‘पी’ पातळ्या आल्या. पी-1 ते पी-3 या पातळ्यांचे प्रत्येकी दोन भाग होते आणि त्यांत परिसराची जाणीव, प्रतिसाद आणि संवाद यांची सर्व विषयांना समान वर्णने होती. पी-4 ते पी-8 या पातळ्या विषयनिहाय होत्या. विज्ञानात, उदाहरणार्थ, मूल पीठ आणि पाणी एकत्र करून होणारा बदल न्याहाळते का, यासारख्या साध्या कृतींनाही नोंदीत स्थान मिळाले. 2007 पासून या पातळ्यांची आकडेवारी शासनाला कळवणे बंधनकारक झाले आणि शिक्षकाला पुढचा धडा आखण्यास उपयोगी पडणारी वर्णने हळूहळू शाळांच्या तुलनेचे साधन बनली.

सर्वसाधारण पातळ्या 2014 च्या अभ्यासक्रमातून वगळल्या गेल्यावर ‘पी’ पातळ्यांचा आधारच उरला नाही. डायान रॉचफर्ड यांच्या अध्यक्षतेखालील समीक्षेने 2016 मध्ये त्या रद्द करण्याची शिफारस केली. त्यानंतर विषयनिहाय अभ्यास करू शकणाऱ्या, पण अपेक्षित पातळीच्या मागे असलेल्या मुलांसाठी इंग्रजी आणि गणिताचे पूर्व-टप्पा निकष ठरले, तर त्या अभ्यासापर्यंत न पोहोचलेल्या मुलांसाठी 2021 पासून सहभाग-प्रतिमान लागू झाले. मूल वस्तू किंवा कृतीचा शोध घेते का, कृती आणि परिणाम यांचा संबंध त्याच्या लक्षात येतो का, पुढे काय होईल याची ते अपेक्षा ठेवते का, प्रयत्न चिकाटीने चालू ठेवते का आणि स्वतःहून पुढाकार घेते का, या पाच अंगांनी त्यात निरीक्षण होते; गुण दिले जात नाहीत.

ही अंगे विज्ञानाच्या मूळ वृत्तीच्या अगदी जवळची आहेत, तरीही विज्ञानासाठी स्वतंत्र पूर्व-टप्पा निकष ठरवले गेले नाहीत आणि या विषयातील बारीक प्रगती टिपण्याचे काम शाळांवरच राहिले. कोणत्याही नोंदीचे मोल ती शासनाकडे किती आकडे पाठवते यावरून नव्हे, तर त्या मुलाला उद्या काय शिकवावे हे शिक्षकाला तिच्यातून कळते की नाही, यावरूनच ठरवले पाहिजे.