ताकद, जुलूम आणि कृष्णऊर्जा

गुदैबिया हे नाव अरबीत ‘क’च्या एका अक्षराने लिहितात, बहरीनी तोंडात त्याचा ‘ग’ होतो. मनामाच्या या वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानाला असे फरक उमजू लागले, की ओळखीचे शब्द भेटू लागतात. डार्क एनर्जीला अरबीत ‘अत्-ताका अल्-मुझ्लिमा’ म्हणतात. ही ‘ताका’ म्हणजे फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेली ‘ताकद’. ‘मुझ्लिमा’ म्हणजे अंधारी. तिच्याच धात्वक्षरांतून ‘झुल्म’, म्हणजे आपला ‘जुलूम’. दहाव्या शतकातल्या इब्न फारिस या कोशकाराने त्या अक्षरांना दोन मूळ अर्थ दिले: उजेडाचा अभाव, आणि वस्तू तिच्या जागी न ठेवणे.

डार्क एनर्जीला आपण ‘कृष्णविवरा’च्या वळणावर ‘कृष्णऊर्जा’ म्हणतो. विवर प्रकाश गिळते, म्हणून त्याला ‘कृष्ण’ शोभते. ही ऊर्जा प्रकाश गिळत नाही, सोडतही नाही. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद दिसले, विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे १९९८ साली कळले, आणि मायकेल टर्नर यांनी त्यामागच्या अज्ञात कारणाला ‘डार्क एनर्जी’ हे इंग्रजी नाव दिले. त्यातला काळोख आपल्या अज्ञानाचा आहे.

हे कारण सांगू पाहणाऱ्या सैद्धांतिक प्रतिकृतींची नावे मात्र ठाम दावे करतात. या ऊर्जेच्या दाबाला तिच्या घनतेने भागले आणि उत्तर नेहमी उणे एक आले, तर तो आइन्स्टाइनचा ‘विश्वस्थिरांक’. उत्तर त्याहून वर गेले तर ‘क्विंटेसन्स’: लॅटिनमध्ये पाचवे तत्त्व, आपल्या पंचमहाभूतांतल्या आकाशाच्या जवळचे. खाली गेले तर ‘फँटम’.

हे दावे तपासण्यासाठी पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले वरुण साहनी यांनी शफीलू आणि स्टारोबिन्स्की यांच्यासोबत २००८ साली ‘ओम’ ही कसोटी मांडली. प्रसरणाच्या वेगावरून काढलेला ‘ओम’चा आकडा विश्वाच्या प्रत्येक वयाला सारखाच आला, तर विश्वस्थिरांक खरा, बदलला तर खोटा. ॲरिझोनातल्या ‘डेसी’ या आकाश-सर्वेक्षणाने सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वेसार मोजून मार्च २०२५मध्ये सांगितले, की ही ऊर्जा काळानुसार बदलत असावी. इतर निरीक्षणांशी जोडल्यावर हा कल सांख्यिकी खात्रीच्या मापात २.८ ते ४.२ सिग्मा भरतो. शोध म्हणायला पाच लागतात.

म्हणूनच मला ‘विश्वस्थिरांक’ हा शब्द मोलाचा वाटतो. त्याने ‘स्थिर’ असण्याची जबाबदारी घेतली आहे, आणि आकाशाला त्याचा निकाल लावता येतो. ‘कृष्ण’ कधीच चूक ठरणार नाही. तेवढेच त्याचे उणेपण.